माथ्यावरची भिंत

निल्दानं गुरुवारपासून तोंड मिटून ठेवलं होतं. रविवारी सकाळी स्लॅबसाठी माणसं जमू लागली तरी ते मिटलेलंच होतं.

आईच्या घरावर आज स्लॅब पडणार होता. चौदा वर्षांपूर्वी याच वाळूत चार वासे रोवून त्यांना वेताच्या चटया बांधल्या होत्या. चटयांचं घर फळ्यांचं झालं, फळ्यांचं विटांचं झालं, पण डोक्यावर मात्र पत्राच राहिला. तो काल उतरला. सेंट्रिंग लागलं होतं, सळया बांधून झाल्या होत्या आणि भाड्याचा मिक्सर दहा जणांनी दोर लावून चढावरून ओढत आणला होता. लिमाबाहेरच्या या नव्या पुकाउर्को वस्तीत कुणाचाही स्लॅब असला की घरटी एक माणूस यायचा. ज्या घरचा आला नाही, त्याचं नाव पुढं वर्षानुवर्षं विसरलं जायचं नाही.

"आज गप्प का गं तू?" बटाटे धुता धुता हेर्लिंदा वहिनीनं विचारलं.

"झोप नाही झाली."

"तुझ्या दादाचीही नाही. रात्रभर कूस बदलत होता. स्लॅब पडायचाय का बाळंतपण आहे तेच कळेना मला."

निल्दानं वर पाहिलं. ऑगस्टचं, ऐन हिवाळ्यातलं धुकं डोंगराला येऊन टेकलं होतं, आणि त्यात देमेत्रियो दादा सेंट्रिंगवर वाकून सळया तपासत होता. डोक्याला हिरवी टोपी. ती टोपी निल्दानंच विणली होती, त्यामुळं ती कुठूनही ओळखू आली असती. गुरुवारी तशीच ओळखू आली.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, लास मिमोसास या श्रीमंत सोसायटीत, निल्दा सेन्योरा मार्गोतकडे घरकामाला होती. गुरुवारी गच्चीत कपडे वाळत घालताना तिनं सहज माथ्याकडे पाहिलं. तिथं चर खणला होता, दोरी ताणली होती, आणि दोरीपाशी हिरवी टोपी घातलेला माणूस ओळंबा धरून बसला होता.

"संरक्षक भिंत होतेय," सेन्योरा मागून म्हणाली. "तीन मीटर उंच, वर तार. सोसायटीनं ठरवलंय. तू मनावर घेऊ नकोस हं, निल्दा. तुझ्यासारख्यांसाठी नाहीये ती."

मग मी सकाळी येऊ कुठून, हे निल्दाच्या ओठांवर आलं होतं. पण ती कपड्यांना चिमटे लावत राहिली. दादानं घरी सांगितलं होतं की माथ्यावर पाण्याच्या टाकीचं काम चाललंय, चर तिच्या नळासाठी आहे. वस्तीनंही ते खरं धरलं होतं. टँकरच्या पाण्यावर चौदा वर्षं काढलेल्या माणसांना टाकीवर विश्वास ठेवायला वेळ लागत नाही.

वस्तीतल्या साठ-पासष्ट बायका रोज पहाटे पायवाटेनं माथा ओलांडून पलीकडे कामाला उतरायच्या. पंधरा मिनिटांची वाट. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, दोन बस आणि अडीच तास.

साडेसातला मिक्सर सुरू झाला. रांगेतून काँक्रीटचे डबे हातोहात वर जाऊ लागले. गाणी, टवाळी, ओरडाआरडा यांना ऊत आला. घरामागं आई, सातुर्निना, खड्ड्यात दगड तापवत बसली होती. दुपारी पाचामांका होता. तापलेल्या दगडांच्या थरांत मांस, बटाटे, वालाच्या शेंगा घालून वरून माती ओढायची, आणि तासाभरानं उकरून काढायचं. एकसष्ट वर्षांची ती बारकी बाई, दोन वेण्या, डोक्यावर हॅट, काठीनं दगड फिरवत होती आणि मधूनच रांगेतल्या कुणाला तरी सुनावत होती.

दगड कमी पडले म्हणून मार्सियानो काका वर माथ्याकडे गेला होता. काका म्हणजे निल्दाच्या वडिलांचा धाकटा भाऊ. गावात सैनिकांनी वडलांना उचलून नेलं, त्यानंतर निल्दाच्या आईला आणि तिच्या दोन पोरांना घेऊन तोच लिमाला आला होता. तेव्हा शहरात खोली मिळेना. घरमालक गाव विचारायचे, आणि आयाकुचो म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. आयाकुचोचा माणूस म्हणजे बंदुकवाला बंडखोर, असं धरून चालायचे सगळे. अखेर काकानं आणि आईनं असेच हाकललेले चाळीस संसार गोळा केले, या उघड्या वाळूच्या डोंगरावर आणले, आणि जळालेल्या गावाचंच नाव वस्तीला दिलं.

काका अर्ध्या तासानं परत आला. हातात दगड नव्हते.

"मिक्सर बंद करा," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. तो रांगेत घुसला, मधल्या माणसाच्या हातातला डबा काढून त्यानं खाली ठेवला. रांग तुटली. मिक्सर फिरत राहिला, माणसं थांबली.

"वर टाकी नाही," काका म्हणाला. "भिंत आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत चर मारलाय, आपली वाट मधोमध कापलीय. तिथल्या रखवालदाराला विचारलं, कुणाचं काम हे? तर तो म्हणतो, अहो आजोबा, तुमचाच पुतण्या मुख्य गवंडी आहे की."

सगळ्यांच्या माना वर वळल्या. देमेत्रियो हातात थापी घेऊन तसाच उभा होता.

"खरं आहे का रे?" काकानं विचारलं.

"खरं आहे."

"मग हे सिमेंट?"

"त्याच कामाच्या मजुरीतलं. सळयाही. वर्ष झालं काका, तीन महिने सलग काम कुठं मिळालंय मला? मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं बांधली असती."

"बांधू दे की दुसऱ्यानं. आपल्या आईला कोंडायला आपलाच हात लागला पाहिजे का?"

"काका, तोंड सांभाळून बोला," हेर्लिंदा वहिनी ओले हात घेऊनच पुढं आली. "सणाला पोरांच्या अंगावर कपडे दिसले तेव्हा नाही विचारलं तुम्ही, कुठून आले म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं," वहिनी म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे बघून, "ते मी घरी बघते."

खालच्या आळीतले दोघे डबे ठेवून निघायला लागले. त्यांच्यामागं तिसरा. निल्दाला वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गुरुवारी पाहिलं मी. दादाला विचारायची हिंमत झाली नाही, आणि आईला सांगायची तर त्याहून नाही."

काकानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. आई खड्ड्यापाशी काठी टेकून उठली. स्लॅबकडे पाहिलं. अर्धा पडला होता, ओला, आणि अर्ध्यात नुसत्या सळया.

"निघालात कुठं?" तिनं त्या तिघांना विचारलं. ती केचुआत बोलली. घरची भाषा ती चारचौघांत काढायची तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसायचा. "स्लॅब मधेच सोडला तर सांधा राहतो. भूकंप आला की तिथंच दुभंगतो. खाली माझी नातवंडं झोपायची आहेत. आधी हा पुरा करा. भांडायला अख्खी दुपार आहे."

"वहिनी, या सिमेंटचा स्लॅब तुम्ही डोक्यावर घेणार?" काकानं विचारलं.

"सिमेंटनं काय केलंय भाऊजी?"

तिनं खाली ठेवलेला डबा उचलला, त्याच्या काठाला दुसरा हात लावला, आणि तुटलेल्या जागी रांगेत उभी राहिली. डबा तिच्या निम्म्याएवढा होता. पुढच्या माणसाला तो घ्यावाच लागला. मग तिच्या मागं निल्दा उभी राहिली, निल्दामागं हेर्लिंदा, आणि निघालेले तिघं जरा वेळ घुटमळून परत फिरले. काका तेवढा एका बाजूला बसून राहिला. गाणी पुन्हा झाली नाहीत, पण बारा वाजता स्लॅब पुरा झाला.

जेवणाला सगळे खड्ड्याभोवती बसले. माती उकरली, वाफ उठली, पण हात कुणी पुढं करेना.

"रात्री वर जाऊ," काका म्हणाला. "पहारी घेऊन. सकाळपर्यंत पाया शिल्लक राहायचा नाही."

"आणि सकाळी पोलीस येतील," आई बटाटे वाढत म्हणाली. "टीव्हीवर दाखवतील, आयाकुचोच्या लोकांनी काय केलं बघा. चौदा वर्षं आपण ज्याला भीत आलो ते त्यांच्या हातात आयतं नेऊन द्यायचं?"

"मग काय, बघत बसायचं?"

देमेत्रियो लांब, मिक्सरपाशी बसला होता. आईनं पान वाढून त्याच्यापर्यंत नेलं आणि त्याच्या शेजारी वाळूत बसली.

"किती दिवसांचं काम राहिलंय?"

"तीन आठवडे."

"वाट कधी बंद होणार?"

"तिथली भिंत शेवटी घेणार. सामान आपल्याच बाजूनं वर जातंय."

"काम सोडू नकोस."

देमेत्रियोनं मान वर केली. "आई, मी उद्या जाणारच नव्हतो."

"जायचं. तू सोडलंस तर दुसरा गवंडी येईल, आणि त्याला मी ओळखत नाही." मग तिनं हाक मारली, "निल्दा, इकडं ये. तुझी सेन्योरा सकाळी किती वाजता उठते?"

"आठला."

"कॉफी कोण करतं?"

"मी."

"तिच्या म्हाताऱ्या आईला अंघोळ?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही ती."

"शेजारच्या घरी?"

"फेलिसितास असते. मुलांना शाळेच्या गाडीत तीच बसवते. आई, असं प्रत्येक घरात कुणी ना कुणी आहेच आपलं. बागेतले माळीसुद्धा."

"भिंत झाली की तुम्ही सगळ्या रस्त्यानं जा," आई म्हणाली. "एकीनंही घरी राहायचं नाही. आजारी पडायचं नाही, काम सोडायचं नाही, भांडायचं नाही. नेहमीच्याच वेळी घरून निघायचं आणि बस पोचवेल तेव्हा पोचायचं. विचारलं तर सांगायचं, सेन्योरा, भिंत आहे ना. बाकी एक शब्द बोलायचा नाही."

खड्ड्याभोवती कुणीतरी हसलं. मग सगळ्या बायका हसल्या. फेलिसितासनं मांसाचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "माझ्या कामाच्या घरची दोन पोरं स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा बांधत नाहीत."

"आणि काढून टाकलं तर?" काकानं विचारलं. "दुसऱ्या बायका आणल्या तर?"

"आणतील कुठून, काका?" निल्दा म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज नीट फुटला होता. "कामाला जाणाऱ्या सगळ्या डोंगराच्या याच अंगाला राहतात. त्या अंगाला आमच्यासारख्यांना खोली कोण देतं?"

काकाला हसू आलं नाही. पण त्यानं पान जवळ ओढलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी वाट बंद झाली. बायका पाचला उठल्या, खाली उतरल्या आणि बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. निल्दा पोचली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. सेन्योरा नाइटगाउनवर स्वयंपाकघरात उभी होती. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं.

"काय झालं? आजारी आहेस?"

"नाही, सेन्योरा. भिंत आहे ना."

पहिले दोन दिवस सेन्योराला ते पटलं. तिसऱ्या दिवशी पटलं, पण आवडलं नाही. पाचव्या दिवशी समोरच्या घरचे साहेब स्वतः गाडी घेऊन बसथांब्यावर आले आणि चार बायकांना बसवून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला कुणी फिरकलं नाही. मुलांची शाळेची गाडी चुकली. सेन्योराची म्हातारी आई रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसायची आणि लेकीनं अंगाला हात लावला की म्हणायची, "निल्दा येऊ दे." निल्दाला तेवढ्याचंच वाईट वाटायचं. एकदा तिनं आईजवळ ते बोलून दाखवलं.

"म्हातारीनं भिंत बांधली नाही," आई म्हणाली. "तुला लवकर जायचं असलं तर चारला निघ. मी काही म्हणणार नाही."

निल्दा तेव्हापासून चारला निघू लागली. साडेसहाला पोचायची, म्हातारीची अंघोळ करायची, आणि मग आठ वाजून गेले तरी, बाकीच्या बायका बसनं पोचेपर्यंत, पायरीवर बसून राहायची. सेन्योरा तिला खिडकीतून बघायची. कॉफी मागायचं तिला धाडस झालं नाही.

आठव्या दिवशी फेलिसितासला कामावरून काढलं. ती रडत आली तेव्हा आई तिच्या घरी गेली. "माझ्या सांगण्यावरून तुझं काम गेलं," ती म्हणाली. "दुसरं मिळेपर्यंत तू आणि तुझी पोरं माझ्याकडे जेवायचं. मला विचारायला यायचं नाही, नुसतं येऊन बसायचं." आणि फेलिसितास येऊन बसायला लागली. ती जागा रिकामी झाल्याचं साठ बायकांना कळलं, तरी एकीनंही जाऊन तिथं काम मागितलं नाही. निल्दाला त्या सगळ्या दिवसांतलं हेच सर्वांत मोठं वाटलं.

बाराव्या दिवशी सोसायटीनं सभा घेतली. घरोघरच्या सेन्योरा त्या सभेत काय बोलल्या ते निल्दानं चहा देता देता ऐकलं. भिंत हवी होती सगळ्यांनाच. दारही हवं होतं.

इंजिनियर म्हणाला, आता भिंतीत दार काढणं अवघड आहे. वरचा भार धरायला काही नाही, भिंत तडकेल, ती लांबी उतरवून पुन्हा बांधावी लागेल. महिना जाईल.

"एक सकाळ द्या," देमेत्रियो म्हणाला.

तो वाट बंद झालेल्या जागी गेला, विटांवरून हात फिरवला आणि छिन्नी लावली. विटा एकेक करून सुट्या निघाल्या, कारण त्या तेवढ्या भागात त्यानं सिमेंटऐवजी जवळजवळ मातीच भरली होती. दोन्ही अंगांना सळयांचे खांब उभे होते आणि डोक्याच्या वर, विटांच्या आड, दारावरचा भार पेलणारा पुरा लिंटेल आधीच ओतलेला होता. इंजिनियरनं पाणसळ मागून घेतली आणि त्या लिंटेलला लावली.

"हे नकाशात नव्हतं."

"नव्हतं, साहेब."

"हे कधी केलंस?"

"भिंत केली तेव्हाच. रात्री थांबून."

इंजिनियरनं कागदाची गुंडाळी केली. "लिंटेल सरळ आहे," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. ही गोष्ट देमेत्रियोनं घरात कुणाला सांगितली नव्हती, आईलाही नाही. पकडला गेला असता तर काम गेलंच असतं, वर पोलीस आले असते. त्या संध्याकाळी निल्दानं त्याच्यासाठी नवी टोपी विणायला घेतली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

दारासाठी सोसायटीच्या अटी आल्या. सकाळी पाच ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. फोटोचं कार्ड. जाता-येता पिशव्यांची झडती. आईनं वेळ मान्य केली, कार्ड मान्य केलं.

"झडती बाईनं घ्यायची," तिनं निल्दाकरवी निरोप पाठवला, "आणि ती बाई आमच्यातली. पगार तुमचा."

सोसायटीला यात गैर काही दिसलं नाही. दारावर फेलिसितासची नेमणूक झाली. तिनं त्या दारावर नऊ वर्षं काढली आणि एकही पिशवी उघडली नाही.

काका मात्र त्या दारातून कधीच गेला नाही. पुढं त्याला पलीकडे माळीकाम मिळालं, तरी तो दोन बस बदलून जायचा. आई त्याला कधी काही म्हणाली नाही. एकदाच तो निल्दाला म्हणाला, "तुझ्या आईनं दार मिळवलं. तिच्याशिवाय कुणाला जमलं नसतं ते. पण मला भिंतच नको होती, पोरी." हे तो रागानं म्हणाला नाही. निल्दाला वाटलं, दोघांचंही बरोबर आहे, आणि हे घर उभं राहिलं ते अशा दोघांमुळंच.

दार उघडलं त्या पहिल्या सकाळी आई निल्दाबरोबर निघाली. चौदा वर्षांत ती माथ्याच्या पलीकडे एकदाही उतरली नव्हती. तिनं धुतलेला झगा घातला, वेण्या नव्यानं घातल्या. बायका एकेक करून कार्ड दाखवत पुढं जात होत्या. आईची पाळी आली तेव्हा रखवालदारानं वही पुढं ओढली.

"कार्ड?"

"नाही."

"कुठल्या घरी काम?"

"कुठल्याच नाही."

"मग आजी, सोडता नाही येणार. वहीत काहीतरी लिहावं लागतं मला."

"लिही," आई म्हणाली, "गवंड्याची आई. काम बघायला आली."

रखवालदारानं फेलिसितासकडे पाहिलं. फेलिसितास दुसरीकडे बघत होती. त्यानं लिहिलं.

आई दारातून पलीकडे गेली. खाली उतारावर हिरवळी होत्या, निळे तलाव होते, झाडांना पाणी घालणारे नळ आपोआप गोल फिरत होते. तिनं तिकडे नजरही टाकली नाही. ती वळून भिंतीपाशी गेली आणि तिच्यावरून हात फिरवला. भिंतीला या बाजूनं गुळगुळीत गिलावा होता, फिकट पिवळा रंग होता, पायथ्याशी वेली लावल्या होत्या. ती परत दारातून अलीकडे आली. अलीकडे नुसत्या विटा, सांध्यांतून ओघळून सुकलेलं सिमेंट.

देमेत्रियो दाराच्या बिजागरीला तेल देत होता.

"या बाजूला गिलावा का नाही?" आईनं विचारलं.

"त्यांनी एकाच बाजूचा सांगितला."

"त्यांचं त्यांनी सांगितलं. आपल्या बाजूचं मी सांगते. रविवारी माणसं बोलाव." तिनं पुन्हा एकदा विटांवर हात ठेवला. "रोज आपल्या बायका इथून जाणार. तुझं काम असं उघडं दिसता कामा नये."

मग तिनं निल्दाच्या डोक्यावरची शाल सारखी केली, "जा, म्हातारी वाट बघत असेल," म्हणाली, आणि घराकडे उतरू लागली.